दोन नकाशांतलं एकच पाणी

बाबा,

शेजारी देशाच्या तुरुंगातून सुटून आलेले खलाशीकाका सांगत होते, तुम्ही माफीनाम्यावर सही करत नाही. म्हणता, "माझी लेक पदवीधर आहे. नकाशात दाखवलंय तिने. आपल्याच पाण्यात होतो, माफी कसली?"

तो आपल्या देशाचा नकाशा होता, बाबा. आता मत्स्यखात्याच्या ऑफिसात त्यांचाही पाहिला. त्यात तेच पाणी त्यांचं आहे. तुमची जाळं टाकायची जागा दोघांच्याही हद्दीत येते.

आई रोज दारातल्या तुमच्या चपला पुसते. "आणखी दाखव त्यांना नकाशे!" मला म्हणते.

सही करा, घरी या. एवढंच लिहायला तीनदा बसले, तीनदा थांबले. पण तिथे माझ्या शब्दाशिवाय तुमच्याजवळ दुसरं आहे काय?

तुमची,
शिकलेली लेक