इंजिन अखंड राहावे म्हणून

मी, खाली सही करणार, वय शहात्तर, धंदा कुलपे-किल्ल्या दुरुस्तीचा, शिक्षण चौथी पास आणि पाचवी अर्धी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणी भरीस घातलेले नसताना लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गेले दोन आठवडे आनंदाने झोप लागत नाही, पण आनंद म्हणजे वेड नव्हे, एवढे वकिलांना विचारून घेतले आहे.

१. राहते घर पत्नीला. मागच्या दाराची कडी वर उचलूनच लावावी, नाहीतर ती लागल्यासारखी दिसते, लागत नाही. मी रोज तीनदा बघतो. माझ्यामागे कोणीतरी एकदा तरी बघावे.

२. बँकेत आहे ते आणि माझी सगळी हत्यारे लेकीला. लहानपणी ती माझ्यापेक्षा सरळ कानस मारायची. कानशींना ओला हात लावू नये.

३. आता इंजिन. वाफेचे आहे, चपलांच्या खोक्यात मावते. नऊ वर्षे लागली. मेहुणा येईल तेव्हा विचारायचा, "काय दाजी, सुटली का गाडी?" तर मागल्या रविवारच्या आदल्या रविवारी सुटली! सगळ्यांना बोलावले होते. स्पिरिटचा दिवा लावला, काटा चढला, चाकाला बोटाने जरा ढकलले आणि ते फिरले. फिरतच राहिले! लेकीने मला उचलले, म्हणजे खरोखर उचलले, माझे पाय जमिनीला नव्हते. तेवढ्यात शिट्टी वाजली.

ही म्हणाली, "अहो, ही तर माझ्या कुकरची शिट्टी!"

"कुठली?" मी वरूनच विचारले.

"मोरीतून वाहून गेली म्हणालात ती!"

मग शेजारचे शिंपीदादा वाकले. "थांबा, थांबा. हे चाक माझ्या जुन्या मशीनचं."

"दाजी, माझा सायकलचा पंप कापलात?" मेहुणा ओरडला. त्या पितळी नळीचा मी सिलिंडर केला आहे.

डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "आजोबा, माझ्या बीपीच्या यंत्राची तबकडी या इंजिनावर काय करतेय?"

"वाफेचं बीपी मोजतेय," मी म्हणालो. इंजिन बिचारे चालूच होते.

४. कबूल करतो. चाळीस वर्षे लोकांची कुलपे उघडली, पण कोणाच्या घरातली टाचणी उचलली नाही. इंजिनासाठी या चार वस्तू उचलल्या. चाक चकचकीत करायला आणले, परत द्यायला विसरलो आणि मग विसरायचेच ठरवले. तबकडी दवाखान्याचे कुलूप बदलताना खिशात आली. तेव्हापासून एकच धास्ती आहे. माझे डोळे मिटले की चौघे पेचकस घेऊन येतील, आपापली वस्तू काढून नेतील, आणि नऊ वर्षांमागे चार भोके असलेली एक फळी उरेल.

वकील म्हणाले, "जे तुमचं नाही, ते तुम्हाला वाटता येत नाही."

डोके शाबूत असल्याचा दाखला मागितला, तर डॉक्टर म्हणाले, "तबकडी उचलली तेव्हाही शाबूत होतं का?" हो म्हणालो तर चोर, नाही म्हणालो तर वेडा. मी दाखल्याचा कागद पुढे सरकवला. दाखला मिळाला, मागे जोडला आहे.

५. मात्र उठता उठता वकील बोलून गेले, की मृत्युपत्रातून ज्याला काही मिळायचे, त्याने साक्षीदार होऊ नये. मी जिन्यातच टाळी वाजवली. म्हणजे जो साक्षीदार, त्याला काही नाही! मग चौघांनाही साक्षीदार करावे. वकिलांना परत जाऊन विचारले नाही, त्यांनी आणखी काही सांगितले असते.

तिघांना हा डाव सांगूनच सही मागितली. शिंपीदादा हसून हसून खाली बसले. मेहुणा म्हणाला, "पंपाचं जाऊ द्या, पण शिट्टी मला वाजवू द्यायची." कबूल केले.

६. राहिली ही. तिने कागद पहिल्यापासून वाचला, पेन उचलले आणि खाली ठेवले.

"कलम एक. घर मला ना?"

"हो."

"मग मी साक्षीदार कशी होणार? सही करून बेघर होऊ?"

हे माझ्या लक्षातच आले नव्हते!

"आणि मला माझी शिट्टी हवी," ती म्हणाली.

"अगं, ती घासून हलकी केलीय. कुकरला आता चालायची नाही."

"मग ज्याला चालते, ते सगळंच माझ्या नावावर करा. बघू कोण पेचकस लावतंय."

सबब इंजिन शिट्टीसह, अखंड, पत्नीला. माझ्यामागे तिने ते दर रविवारी चालवावे. तोपर्यंत मी चालवीन. ती म्हणते, मला घाई नाही.

स्थळ : मागची खोली, इंजिनाशेजारी.
दिनांक : इंजिन चालले त्यानंतरचा दुसरा रविवार.

सही : लिहून ठेवणार

साक्षीदार :
१. शिंपी. चाक सोडले.
२. मेहुणा. पंप सोडला, शिट्टी नाही.
३. डॉक्टर. तबकडी सोडली. सहीच्या वेळी दोघांचे बीपी पाहिले. इंजिन एकशे चाळीस, आजोबा एकशे ऐंशी. दोघेही चालू स्थितीत.