अल्बानियन जनरलचा कोट

३ एप्रिल, रविवार
जुन्या बाजारात आज इतिहास हाती लागला. जुनं सामान विकणाऱ्या इलीकोच्या चादरीवर, गंजक्या इस्त्र्या आणि मुंडकं नसलेल्या बाहुल्यांच्या मधे, कम्युनिस्ट जमान्यातल्या जनरलचा परेडचा गणवेश. विजारीला दोन्ही बाजूंनी रुंद लाल पट्टे, म्हणजे जनरलच. खांद्यावरचे तारे नाहीत, पदकं नाहीत, लेबल कापलेलं, बटणं साधी काळी. कुठल्या देशाचा ते कळायला काही मार्ग नाही. माझ्यासारख्या माणसाला हेच हवं असतं. इलीको म्हणाला, कोणी बाई पोतंभर कपडे देऊन गेली. बाई कोण हे विचारून रिसर्चची मजा घालवली नाही.
किंमत दोचकाला सांगणार नाही. बायकोला सगळंच सांगायचं नसतं.
संकल्प: सहा मेच्या सैन्यदिनापर्यंत मूळ देश शोधायचा आणि वाचनालयाच्या हॉलमध्ये जाहीर व्याख्यान द्यायचं. आमच्या इतिहास मंडळातले लोक मला अजून ‘मीटरवाला’ म्हणतात. बंद होईल.

४ एप्रिल
तीस वर्षं प्लोव्दिव शहरातली पाण्याची मीटरं तपासली. बारीक नजर फुकट येत नाही. आज खिसे पाहिले. सापडलं: एक बारीक पिवळी मेणबत्ती, तुळशीची वाळकी काडी, कोरा कंगवा, घडी न मोडलेला पांढरा रुमाल.
दोचकाने ते पाहून छातीवर क्रूस काढला. म्हणाली, परत देऊन ये, ही कुणाची तरी मरणाची कापडं आहेत. तिच्या आईने स्वतःला पुरताना घालायच्या कपड्यांचं बोचकं वीस वर्षं कपाटात बांधून ठेवलं होतं, मेणबत्तीसकट. तेव्हापासून हिला प्रत्येक बोचक्यात तेच दिसतं. हिच्या नादी लागलं तर विज्ञान संपलं.
कोट बाल्कनीत टांगावा लागला आहे. तात्पुरता.

८ एप्रिल
रशिया बाद. कोट रशियन असता तर जड असता. (रशियन कोट कधी उचललेला नाही, पण अंदाज येतो.) रुमानिया बाद, कारण त्यांचे कपडे मला आवडत नाहीत.
दोचकाची कटकट: खालच्या मजल्यावरच्या रांगेल आजोबांना दाखव, ते जनरल होते. होते, मी कुठे नाही म्हणतो? पण पुरवठा खात्याचे. जन्मभर सैन्याला कोबी आणि मोजे पुरवले. परेडचं त्यांना काय कळणार? शिवाय माझी थिअरी स्वतःची म्हणून गावभर सांगत सुटतील. शिवाय जिन्यातल्या त्यांच्या आंबवलेल्या कोबीच्या पिंपाबद्दल मी तक्रार केली होती, तेव्हापासून आमचं बोलणं बेताचंच आहे.

१४ एप्रिल, दुपार
छडा लागला! कोटाच्या पाठीवर, कॉलरपासून खालपर्यंत, कापड सरळ कापलेलं आहे आणि पांढऱ्या दोऱ्याने सैलसर टाके घातले आहेत. ही चूक असूच शकत नाही. ही हवा खेळायची सोय आहे, म्हणजे देश उष्ण.
आता एकेक धागा जुळतो. तारे का नाहीत? कारण अल्बानियाने सैन्यातले हुद्देच रद्द केले होते. मेणबत्ती का? तिथे वीज जायची. तुळस का? धर्मावर बंदी होती, जनरल लपूनछपून देवभक्त. कंगवा: वारा.
युरोपात असा गणवेश दुसरा नसेल. दोचकाला सांगितलं. ती मटार सोलत होती, सोलत राहिली.

१९ एप्रिल
व्याख्यानाचं पोस्टर लागलं: ‘अल्बानियन जनरल, एक उलगडा’.
रांगेल आजोबा तळघरात खाडखूड करताहेत. त्यांच्या सुनेने, मिलकाने, सणाआधी कपाटं आवरली तेव्हापासून त्यांचं काहीतरी हरवलंय. आज जिन्यात मला गाठलं. मी घाईत आहे म्हणालो. म्हातारपणी लोक वस्तूंना फार चिकटतात.

२४ एप्रिल, ईस्टर
लाल रंगवलेल्या अंड्यांची टक्कर, ज्याचं फुटलं तो हरला. रांगेल आजोबांनी माझं अंडं पहिल्याच टोल्याला फोडलं. जिंकूनही चेहरा पडलेला. हात किती बारीक झालेत. म्हणाले, वस्तू नाही मिळाली तर पायजम्यातच जावं लागेल मला. या वयात कुठे निघालेत, हे विचारायचं राहून गेलं. डोक्यात व्याख्यान होतं.

२ मे
प्रदर्शनासाठी डागडुजी. पाठीचे ते लेचेपेचे टाके उसवून मशीनवर दुहेरी शिवण मारली, जाड दोऱ्याने. आता कोट शंभर वर्षं हलत नाही. दोचका मशीन द्यायला तयार नव्हती. ती मावशीकडे गेल्यावर उरकलं.

६ मे
सैन्यदिन. हॉल जवळजवळ भरलेला. (पुढच्या दोन रांगा.) इलीकोही आला होता. मी उत्तम बोलत होतो. हवा खेळण्यापर्यंत आलो तेव्हा रांगेल आजोबा सुनेच्या दंडाला धरून आत आले. पायात सपाता. पोस्टर मिलकाने वाचून दाखवलं होतं म्हणे, त्यावरचा कोटाचा फोटोही.
पहिल्या रांगेत बसून त्यांनी सगळं ऐकलं. अल्बानियाची वीज, वारा, सगळं. मग उठून कोटाजवळ आले, खिशात हात घातला, मेणबत्ती काढली, पाहिली, परत ठेवली. मिलका रडायला लागली. पोत्यातला हा कोट तिनेच जुना समजून दिला होता. इलीकोने तिला ओळखलं आणि माझ्याकडे पाहायचं टाळलं.
मी विचारलं, तारे का नाहीत मग.
“तारे आणि बटणं नातवंडांना वाटली,” आजोबा म्हणाले. “वर गेल्यावर कुणाला सॅल्यूट ठोकायचा, लुदमिल?”
पाठ का कापली तेही त्यांनी सांगितलं: मेल्यावर ताठ झालेल्या माणसाचे हात बाह्यांत घालता येत नाहीत. त्यांच्या बायकोने जायच्या आधी स्वतःच्या हाताने ते टाके घातले होते.
मग त्यांचा हात पाठीवर फिरला आणि माझ्या दुहेरी शिवणीवर थांबला. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

७ मे
कोट अजून आमच्याच घरी आहे. आजोबांनी नेला नाही. मला वाटलं, रागावले. दोचकाने हाताला धरून खाली नेलं.
रागावले नव्हते. राकी दारूचा पेला पुढे केला. म्हणाले, “सून घाबरट आहे, तिला त्या वेळी काही सुचायचं नाही. या कोटाची शिवणन्‌शिवण तुला पाठ आहे. तूच तो घाल मला.”
मी हो म्हणालो.
व्याख्यानाचे कागद कोबीच्या पिंपाखाली दिले आहेत, पिंप डुगडुगत होतं.
सकाळपासून बाल्कनीत बसून माझी शिवण उसवतो आहे. फारच पक्की मारली होती. दोचकाने पांढरा दोरा आणून दिला आणि टाके सैल घाल म्हणाली, एका ओढीत सुटले पाहिजेत. आजोबांच्या बायकोचे तसेच होते.