पायातला काटा

दि. २१ फेब्रुवारी

चि. नातीस,
आजोबांचे अनेक आशीर्वाद.

पत्राला तीन आठवडे उशीर झाला, माफ कर. रोज कागद काढायचो आणि लाजेने परत घडी घालून ठेवायचो. तुझ्या कार्यक्रमातून मी तुला न भेटताच पळालो, त्याचं कारण आज लिहितो.

टीव्हीवर भरतनाट्यम लागलं की मी बटण बदलायचो. तुझ्या शिकण्यालाही ‘पाय आपटणं’ म्हणायचो. तुझी आई म्हणाली, एकदा समोर बसून बघा, मग बोला. म्हणून पहिल्या रांगेत बसलो. आधी नुसत्या फळ्याच बघत होतो. त्या सभागृहाचा मंच मीच ठोकलेला ना! तुझं पाऊल पडलं की कुठली फळी वाजते, तिकडेच माझा कान. मग कधी फळ्या विसरलो, कळलंच नाही. तू पाणी भरून निघालीस, तर मला रिकाम्या हातात भरली घागर दिसली. आणि एकदम तू कळवळून पाय उचललास. वाटलं, माझाच खिळा वर आला! उठलो आणि सगळ्यांदेखत मंचाची कड चाचपायला लागलो. मागे हशा पिकला. खिळा कुठेच नव्हता.

पोरी, मी तुझी शोभा केली. गुरुबाई रागावल्या का? आता मला परत बोलावशील का? घास गोड लागत नाही.

तुझा,
आजोबा


दि. २६ फेब्रुवारी

ती. आजोबांना,
साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून जीव भांड्यात पडला. तुम्हाला फळ्या चाचपताना मी पाहिलं होतं. वाटलं, आजोबांना नातीच्या नाचापेक्षा फळ्याच प्याऱ्या. तीन आठवडे मीही तोंड पाडून बसले होते.

अहो, तो खिळा नव्हता, नाचातल्या वाटेवरचा काटा होता. आणि काटाही नव्हताच! गुरुबाईंनी विचारलं, ते गृहस्थ कोण? मी घाबरत सांगितलं, माझे आजोबा, सुतार आहेत. त्या म्हणाल्या, टाळ्या पुष्कळांनी वाजवल्या, पण काटा काढायला आजवर कुणी उठलं नव्हतं. बारा तारखेला तोच नाच पुन्हा आहे. तुमची तीच खुर्ची राखायला त्यांनीच सांगितलंय. पक्कड मात्र घरी ठेवून या.

माया अशीच असू द्या.

तुमची,
नात


दि. २ मार्च

चि. नातीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चारदा वाचलं, शेजाऱ्यालाही वाचून दाखवलं. गुरुबाईंना माझा नमस्कार सांग. या वयात त्यांनी आणि तू मला बघायला शिकवलंत, हे उपकार मी विसरणार नाही. बारा तारखेला हात मांडीवर ठेवून बसेन, शब्द देतो.

पण एक सांग. मी अर्ध्यातच पळालो, पुढचं पाहिलंच नाही. बारा तारखेपर्यंत दम निघत नाही. तो काटा निघाला का, तेवढं उलट टपाली कळव.

तुझा,
आजोबा