पिशवीतलं पिल्लू

सौ. गृहमंत्र्यांस सप्रेम नमस्कार.

मी ठणठणीत आहे. प्राणिसंग्रहालयाच्या पाटीवर कांगारूच्या पिशवीला मी ‘शिशुधानी’ लिहिलं. पिल्लं सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, “पंडितजी, हे स्टेशनचं नाव वाटतं.” मुकाट्यानं ‘पिशवी’ केलं.

त्या एक पोरकं पिल्लू कापडी पिशवीत घालून छातीशी बांधून हिंडतात. जन्मतः घेवड्याच्या दाण्याएवढं होतं म्हणे. आता मलाच लाथा मारतं.

दिवस भरण्याआधी आली, तरी आपली नात त्या दाण्याहून कितीतरी मोठी. डॉक्टर तिला पेटीतून काढून छातीशी धरायला सांगतात आणि जावईबापू घाबरतात, असं लिहिलंस. त्यांना या पिल्लाचं सांग. लेक जेवते ना?

वजन वाढलं तर कळव. नाही वाढलं तरी कळव. तू ‘काळजी नसावी’ दोनदा लिहिलंस. एकदाच लिहिलं असतंस, तर विश्वास ठेवला असता.

तुझाच,
पाट्यांपुरता पंडित