पहिलं बाळंतपण माहेरीच

वरकुटे, ता. माण
२ मे १९४६

राजमान्य तात्याबा व्याही, मुक्काम रहिमतपूर, यांस ज्योतिबाचा दोन्ही हातांनी रामराम. (एका हातात टाक आहे, तरी दोन्ही हातांचाच धरावा.) विहीणबाईंची कंबर आता कशी आहे? इकडे माणसं खुशाल, मेंढरं रोड, आभाळ लख्ख.

आधी उपकाराचं. तुम्ही धाडलेल्या कडब्यावर आमची बैलजोडी अजून उभी आहे. (बसली की उठवायला चार माणसं लागतात, पण उभी आहे.) आणि आमच्या बनाला सासूबाई घागर उचलू देत नाहीत, हे इथल्या बायकांना सांगून पटत नाही. त्यांना वाटतं, पोरगी एखाद्या संस्थानिकाकडं नांदते.

आता मुद्दा. बनाला सातवा सरत आला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. बनाच्या आईनं, म्हणजे आमच्या सुलाबाईनं, पाडव्यापासून घर सारवायला काढलंय. पाणी पुरलं नाही म्हणून अर्धंच सारवून झालं. बाळंतिणीनं त्या अर्ध्यात राहायचं. मग बाळंतिणीला अंघोळीला पाणी किती, यावर तंटा. मी म्हणालो, दोन घागरी. "तुमी कवा बाळंत झाला व्हता?" असं तिनं विचारल्यावर सहा ठरल्या. आमच्या आडात पाणी वाटीनं भरावं लागतं. पुरतंय का बघावं म्हणून कमरेला दोर बांधून मीच उतरलो, अन् सकाळपासून दुपार कलेपर्यंत सहा घागरी भरून वर धाडल्या. ओढणारे दमून लिंबाखाली जाऊन बसले अन् मी राहिलो खालीच. हाका मारल्या तर सुलाबाई वाकून म्हणते, "आता उतरलाच हाय तर आनि एक भरा की!" वर आलो तवा एडक्यानं चार घागरी लवंडल्या होत्या. उरल्या दोन. माझंच म्हणणं खरं झालं.

तरी चिंता नसावी. रीत ती रीत. येत्या बुधवारी गाडी जुंपून बनाला न्यायला येतो.

आपला,
ज्योतिबा

ता. क. — इथवर सुलाबाईला वाचून दाखवलं. तिला अक्षर येत नाही, तेव्हा खालचं फक्त तुम्हाला. पाव्हणं, बुधवारी मी आलो की पोरीला धाडायला साफ नाही म्हणा. मी रागावेन, रीत काढेन, चहाला शिवणार नाही, पायताण घालून अंगणापर्यंत जाईन. ऐकू नका. चार माणसांत मला दरडावा. तुमच्याकडं नदी आहे. इथं माझ्या लेकीचं नाहीतर बाळाचं काही कमीजास्त झालं, तर ती रीत घेऊन काय चाटायचीय? एवढ्या एका बाबतीत मला हरवा. जन्मभर विसरणार नाही.

ता. क. दुसरा — पत्र नाथाजीबरोबर येतंय. तो घोंगड्या घेऊन तुमच्या बाजाराला निघालाय. आत्ताच सुलाबाईनं त्याच्या पाठीवर गठुडं बांधलं: डिंक, खोबरं, बाळाची दुपटी, टोपडं. मी म्हणालो, "अगं, पोरगी बुधवारी हिकडं येणार, मग हे तिकडं कशाला?" माझ्याकडं न बघता गाठ आवळत म्हणाली, "आवं, तिथं जाऊन रागवाल ते बेतानं रागवा. विहीणबाईंचं मन दुखवू नगा."