टँकरचा अर्ज

सूर्यमाळ, मंगळवार, १२ मे

आज पाड्यातल्या बायका अंगणवाडीत आल्या. म्हणाल्या, "ताई, टँकरसाठी अर्ज लिहून द्या." मला कुठली सरकारी भाषा जमते? मोबाईलमधल्या चॅटबॉटला सांगितलं. त्याने मिनिटभरात झकास अर्ज लिहिला. मी मोठ्याने वाचत होते. ‘नळाला अनियमित पाणी येते’ हे ऐकून सोमीबाई म्हणाली, "आपल्या पाड्यात नळ कधी आला?"

सगळ्या इतक्या हसल्या की निजलेली पोरं उठली. नळ म्हणे! न वाचता तसाच दिला असता तर? नळ असताना टँकर कोण देणार होतं?

मग त्या सांगत गेल्या, मी टाइप करत गेले. विहीर आटली आहे, झऱ्यावर वाटीवाटीने हंडा भरावा लागतो. चॅटबॉटने ते नीट मांडून दिलं, हे मात्र खरं.

दुपारी सोमीबाईला घेऊन जीपने मोखाड्याला गेले आणि तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला. क्लार्कसाहेबांनी शेवटपर्यंत वाचला. "वाटीने हंडा? खरंच?"

"या की एकदा," सोमीबाई म्हणाली, "तुम्हालाच भरायला बसवते."

साहेब हसले. गुरुवारी पाहणीला येतो म्हणाले, आणि आमच्यादेखत तसं वहीत लिहूनही घेतलं.