जमलं का त्यांचं?

६ जानेवारी, चिंचणी
यीस्ट वाढलं. दुपारी पुतणी रेवतीचा बोईसरच्या प्रयोगशाळेतून फोन. संध्याकाळी तिच्या मार्गदर्शक मॅडमनी यीस्टची ताटली स्वतः पाहून दुजोरा दिला. दोन प्रथिनं, एक मलेरियाच्या जंतूचं, एक आपल्या रक्तपेशीचं, एकमेकांना धरतात असं दिसतंय. रेवतीची पीएच.डी. याच जोडीवर. मार्चनंतर तिचं प्रयोगशाळेतलं टेबल दुसऱ्याला.
वहिनींनी फोन स्पीकरवर टाकून विचारलं, "जमला का गो त्यांचा?" "जमलं, आई!" एवढंच शेजारच्या काकूंनी ऐकलं. नारळ घेऊन हजर. "मुलगा कुठला?"

७ जानेवारी
जेवताना रे.ने समजावलं. यीस्टमधल्या एका कळीचे, म्हणजे चालू-बंद करणाऱ्या बटणाचे, दोन तुकडे करायचे, दोन प्रथिनांना एकेक जोडायचा. ताटलीत एक गरजेचं अन्न मुद्दाम ठेवायचं नाही. प्रथिनं भेटली तर कळ जुळते, यीस्ट ते अन्न स्वतः बनवतं. नाही भेटली तर उपाशी.
कुणाला न दिसणारी भेट कुणाच्या तरी जगण्यातून कळते. आयुष्यभर बातम्या लिहिल्या, पण हे... घास हातातच राहिला.
उद्या लेख सुरू.

९ जाने.
वाईट. जंतूचं प्रथिन एकटंच असलेल्या ताटलीतही यीस्ट वाढलं. जोडीदाराशिवायच कळ चालू.
वहिनी: "म्हंजे नवरी एकटीच वरात काडते!" रे. हसली. मग ताटावरून उठली.
संपादकांना कळवलं, लेख थांबवा.

१२ जाने., बोईसर
मॅडम म्हणाल्या, कळ खोटं बोलली म्हणून जोडी खोटी ठरत नाही. दुसऱ्या रीतीने बघू. रे.ने मला दाखवायला नेलं. रक्तपेशी आणि जंतू यांचा रस, त्यात बारीक मणी. मणी फक्त जंतूचं प्रथिन पकडतात. मग धुवायचं, पुन्हा धुवायचं. शेवटी रक्तपेशीचं प्रथिन सोबत उरलं का, ते पाहायचं.
"काका, उपरण्याला पदराची गाठ असते ना? एकाला ओढलं की दुसरं मागून येतं. गाठ नसली तर धुण्यातच जातं."
नळीच्या तळाशी चिमूटभर मणी. किती वेळ बघत उभा होतो.

१३ जाने.
धुणं झालं. मण्यांवर उरलेली प्रथिनं कागदासारख्या पट्टीवर उतरवली, ती पट्टी आज रात्रभर रसायनात. उद्या दुपारी फोटो निघेल. दोन्ही प्रथिनांच्या मिळून दोन रेघा दिसल्या तर गाठ, एकच दिसली तर...
लेखाचं काय ते कळवायला संपादकांना उद्या संध्याकाळी पाचची वेळ दिली आहे. काकू कुंपणावरून विचारून गेल्या. वहिनी म्हणाल्या, "उद्या सांगते."
खिरीचे तांदूळ निवडून ठेवलेत. भिजत घातलेले नाहीत.